कुकटपल्लीच्या शेडमधला काळोख

मोती आणले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण सोलापूरला परतल्यापासून जो भेटतो तो तेच विचारतो. मोती नाहीत, बांगड्या नाहीत, आणि चारमिनार पाहिला तोसुद्धा चालत्या रिक्षातून मान वळवून. हैदराबादला माझे बहुतेक दिवस एका दवाखान्यात आणि एका बंद पडलेल्या कारखान्यात गेले. तिथे काय झालं ते प्रत्येकाला तोंडी सांगताना माझा आवाज चढतो, समोरचा माणूस दचकतो, म्हणून आता लिहूनच काढते.

मी शाळेत संगीत शिकवते. माझा मावसभाऊ दिगंबर, म्हणजे आमचा दिगूदादा, हैदराबादला असतो. त्याची एकुलती एक मुलगी मंजिरी कुकटपल्लीला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते, तिथेच खोली घेऊन राहते आणि उरलेल्या वेळात गाते. तिचा फोन आला, "आत्या, मी ऑपेरात गातेय. पूर्ण अंधारात असतो. तू आलीच पाहिजे, तुला नाही समजलं तर कोणाला समजणार?" शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी निघाले.

गौलीगुडा

दिगूदादा स्टेशनवर घ्यायला आला होता. माझी पिशवी हातात घेतली ती बोलतच, आणि घर येईपर्यंत बोलत राहिला. मध्येच हमालाशी उर्दूत, रिक्षावाल्याशी तेलुगूत, परत माझ्याशी मराठीत. त्याच्या मराठीत 'परवा' म्हणजे गेल्या आठवड्यापासून निजामाच्या काळापर्यंत काहीही. "परवाच नाही का, आमचे आजोबा नांदेडकडून इकडे आले," असं तो अगदी सहज म्हणतो. हो म्हणायचं तर 'हौ' आणि नको म्हणायचं तर 'नक्को'. सोलापूरच्या माणसाला ते ऐकून हसू येतं, पण मग आमच्या बोलण्यातलं कानडी काढून तो आम्हालाच हसतो.

गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. सुमनवहिनींनी ज्वारीची भाकरी, चिंचेचं आंबट वरण आणि आंबाडीची झणझणीत चटणी केली होती. आमच्याकडे आंबाडीची भाजी होते, कण्या घालून, सौम्य. इथे तिचं लोणच्यासारखं काहीतरी करतात आणि वर कच्चं तेल घेतात. मी तीन वेळा पाणी प्यायले. वहिनी फारसं बोलत नाहीत. नवरा एवढा बोलत असल्यावर त्यांना जागाच कुठे असणार!

दुपारी मंजिरी आली. केस कापलेले, जीन्स, पण दारात चप्पल काढून आधी माझ्या पाया पडली. चहा पिताना तिने ऑपेरा म्हणजे काय ते समजावलं. गाऊन सांगितलेलं नाटक. संगीत नाटक आपल्याला नवं नाही, मात्र आपल्याकडे दोन पदांच्या मध्ये माणसं बोलतात आणि यांच्याकडे बोलणंसुद्धा गातात. यात रंगमंच नव्हता, वेष नव्हते, काही दिसणारच नव्हतं. प्रेक्षक मध्ये बसणार, स्पीकर चारी बाजूंना, वर छताला आणि खुर्च्यांच्या खालीही. गाणारे अनवाणी लोकांमधून फिरणार.

"आणि सगळ्यात भारी काय माहितीय?" मंजिरी म्हणाली. "ऑडियन्समधून जो आवाज येईल तो आम्ही उचलायचा. कोणी खोकलं तर खोकला गायचा. काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, असं आलोकदा म्हणतो."

दिगूदादाने मुद्दाम खोकून दाखवलं. तिने तो खोकला तीन सुरांत गाऊन दाखवला. आम्ही हसून बेजार झालो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

सुलतान बाजार

दुसऱ्या दिवशी दिगूदादाने मला सुलतान बाजार दाखवला. इथे त्याचं मराठी पुस्तकांचं आणि वह्यांचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. मराठी शाळांतली पोरं कमी होत गेली, तशी पुस्तकं पडून राहायला लागली. आता त्या गाळ्यात कॉम्प्युटरचे क्लास चालतात. बाहेर पोस्टर आहे, टाय लावलेला मुलगा आकाशाकडे बोट दाखवतोय. सगळ्या शहरात तो मुलगा होता, कधी कॉम्प्युटर विकायला, कधी फ्लॅट विकायला, कधी थंड पेय.

दिगूदादाला त्याचं दुःख होतं, पण तो कुढणारा माणूस नाही. क्लासच्या रखवालदाराशी त्याची दोस्ती. शेजारच्या साडीवाल्याकडे आमची खरेदी नसताना आम्हाला चहा मिळाला. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा चांभाराच्या समोर बसून त्याने त्याच्या गावची, शेताची, सासऱ्याची चौकशी केली आणि चप्पल शिवून होईपर्यंत दोघं एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते. इराणी हॉटेलात खारी बिस्किटं चहात बुडवता बुडवता तो म्हणाला, "वत्सल, मंजिरीला मराठी धड वाचता येत नाही. अक्षराखाली बोट ठेवून वाचते. माझ्यासारख्या पुस्तकवाल्याची पोट्टी! पण बोलते की नाही झकास? बोलतोय तोवर काही बिघडलं नाही बघ."

मी हौ म्हटलं. तो खूश झाला.

कुकटपल्ली

खेळ रविवारी दुपारी होता. कोठीच्या स्टॉपवरून बस घेतली. सुमनवहिनी आल्या नाहीत, अंधारात त्यांना गुदमरल्यासारखं होतं. कुकटपल्लीला मोठमोठ्या इमारतींच्या मागे कारखान्यांची ओळ आहे, त्यातले बरेच नुकतेच बंद पडलेले. जिथे पंख्यांचे पत्रे कापायचे त्या शेडमध्ये हा ऑपेरा होता. फाटकावर एका थंड पेयाच्या कंपनीचं कापड फडकत होतं आणि त्यांचा ट्रक फाटकातच आडवा लावून मुली फुकट बाटल्या वाटत होत्या.

आम्हाला उन्हात पुष्कळ वेळ उभं केलं. आत काही तारा जुळत नव्हत्या म्हणे. सावलीला बसायला जागा नव्हती. दिगूदादा एरवी अशा ठिकाणी शंभर लोकांशी ओळख काढेल, तो भिंतीला टेकून गप्प उभा होता. "डोकं जड झालंय बा," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, परत जाऊ या का? तर म्हणाला, "नक्को नक्को, पोरगी गातेय."

अखेर आलोक बाहेर आला. हाच दिग्दर्शक. पुण्यात वाढलेला, परदेशात शिकलेला, काळा कुर्ता, अतिशय गोड आवाज. मराठी उत्तम बोलायचा, पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की इंग्रजीत शिरायचा. त्याच्या हाताखालच्या मुलामुलींनी आमची घड्याळं, काडेपेट्या, चाव्यांना लावलेल्या विजेऱ्या, दोघातिघांचे मोबाईल, सगळं काढून पिशव्यांत भरलं. मग त्याने नियम सांगितले. बोलायचं नाही. उठायचं नाही. दार मध्ये उघडणार नाही, कारण उजेडाची एक रेघ जरी आत आली तरी सगळं मोडेल. कोणाला भीती वाटली किंवा त्रास झाला तर हात वर करावा.

"अहो बाबू," दिगूदादा मोठ्याने म्हणाला, "अंधारात वर केलेला हात दिसणार कोणाला?"

लोक हसले. आलोकही हसला. "विश्वास ठेवा, अंकल."

मला त्याच क्षणी राग यायला हवा होता. मीही हसले.

पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आम्हाला ओळीने आत नेलं, खुर्च्यांवर बसवलं आणि पडदे ओढले. असा काळोख मी आयुष्यात पाहिला नव्हता. आपल्याकडे वीज गेल्यावर खिडकीची चौकट तरी दिसते. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते पापणीला बोट लावून बघावं लागलं.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मी हरखून गेले. आधी डाव्या कानाशी एक थेंब पडला. मग तोच थेंब डोक्यावर, पाठीमागे, दूर. कुठूनतरी पत्रा थरथरल्यासारखा खर्ज आला, तो जमिनीतून पायांत चढला. त्यावर एका बाईचा उंच, काचेसारखा आवाज उभा राहिला आणि चालायला लागला. माझ्या अगदी गालापाशी कोणीतरी श्वास घेतला आणि तेलुगू अंगाई गुणगुणत पुढे गेलं. इतकी वर्षं मी सूर शिकवतेय, पण सुराला जागा असते, तो खोलीत कुठेतरी उभा असतो, हे असं कधी कळलं नव्हतं. मंजिरीचा आवाज मी ओळखला. पोरगी सुंदर गात होती. मी दिगूदादाचा हात दाबला.

त्याने हात दाबला नाही.

"वत्सल," तो म्हणाला. मग थांबून, "वत्सल, तो लोटा... लोटा खिडकी... गेली की... दे ना."

मला वाटलं, गंमत करतोय. मी "श्श" केलं. तो पुन्हा बोलायला लागला आणि आता ते शब्दही नव्हते. ओल्या कापडासारखं काहीतरी तोंडात फिरत होतं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, आणि ते वजन झोपलेल्या माणसाचं नव्हतं. मी त्याचा चेहरा चाचपला. एका बाजूचा गाल ओघळला होता, त्यातून लाळ येत होती.

मी हात वर केला. खरंच केला. शिकवल्याप्रमाणे वागायची सवय इतकी वाईट असते.

मग मी हाक मारली, "दादा! अरे दादा!" आणि पुढच्या रांगेतली कोणी बाई हळूच, खूश होऊन म्हणाली, "वॉव."

मी उठून उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "दिवे लावा! अहो दिवे लावा! माणूस पडलाय!"

शेड चिडीचूप झाली. क्षणभर मला वाटलं, ऐकलं यांनी, आता लावतील. तेवढ्यात उजवीकडून एका पुरुषाने खर्जात म्हटलं, "दिवे लावा." मागून दोन मुलींनी ते उचललं, "दिवे लावा, दिवे लावा." वरच्या स्पीकरमधून माझाच आवाज लांबवून, घोळवून परत आला. माझं ओरडणं त्यांनी गायला घेतलं होतं. मी जितकी मोठ्याने ओरडत होते तितकं गाणं चढत होतं. मी मराठीत ओरडले, हिंदीत ओरडले, "डॉक्टर है क्या कोई," तर तेही सुरात आलं. दिगूदादाच्या तोंडातून जो आवाज निघत होता तो कोणीतरी अगदी जवळ येऊन, माझ्या गुडघ्यापाशी बसून, हुबेहूब काढत होतं. मी त्या आवाजाच्या दिशेने हात मारला. कोणाच्या तरी तोंडावर बसला. बरं झालं.

त्या गाणाऱ्यांत मंजिरी होती. 'दिवे लावा' तिनेही गायलं. हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं. तिला वाटलं, आत्या रंगात आली. मग तिने तो दुसरा आवाज नीट ऐकला.

"बाबा?" ती म्हणाली. आणि मग किंकाळी फोडली, "बाबा!"

तीसुद्धा त्यांनी गायली. "बाबा, बाबा," असं छतावरून उतरत आलं.

मंजिरीला दार कुठे आहे ते माहीत होतं. ती लोकांच्या पायांना अडखळत, खुर्च्या पाडत गेली. पडदा फाटल्याचा आवाज झाला, लोखंडी दार करकरलं आणि दुपारचं ऊन धाडकन आत आलं. लोकांनी डोळ्यांवर हात घेतले. काहीजण वैतागून कण्हले. आणि मग, मी हे माझ्या कानांनी ऐकलंय, मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या.

दिगूदादा अर्धा खुर्चीत, अर्धा माझ्या मांडीवर होता. एक डोळा उघडा.

आलोक धावत आला. त्याने दिगूदादाकडे पाहिलं आणि चेहरा पडला त्याचा, ते खोटं बोलणार नाही. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "मॅम, शेवटचा भागच राहिला होता फक्त."

मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझे विद्यार्थी हे वाचतील.

गाडी म्हणाल तर आलोकची आत होती आणि फाटकात तो ट्रक आडवा. ट्रकचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. बाटल्या वाटणाऱ्या मुली कावऱ्याबावऱ्या होऊन बघत होत्या. शेवटी मी, मंजिरी आणि दोन अनोळखी प्रेक्षकांनी दिगूदादाला उचलून ट्रक आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून आडवं काढलं आणि रस्त्यावर रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने नाव, गाव काही विचारलं नाही. हॉर्नवरचा हात न काढता त्याने आम्हाला मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात पोचवलं.

दवाखाना

मेंदूला झटका. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. जीव वाचला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. मी त्यांना विचारलं, लगेच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नक्की नाही सांगता येत. पण लवकर आणलेलं केव्हाही बरं." त्या 'नक्की नाही'वर मी आजही अडून आहे. नक्की असतं तर एका माणसाला दोषी धरून रडता तरी आलं असतं.

दिगूदादाला सगळं कळत होतं. डोळे तेच होते. वहिनी आल्यावर त्याने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. मग त्याने डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर चापट मारली, चालत नसलेल्या रेडिओला मारतात तशी. वहिनींनी तो हात धरून ठेवला. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली ती बाई त्या दिवसापासून बोलायला लागली. गल्लीत काय झालं, कोणाची म्हैस हरवली, दूधवाला काय म्हणाला, सगळं त्याला सांगत बसायची. न थकता. ती शांतता त्यांना सहन होत नव्हती.

मंजिरी मात्र आपणहून एक शब्द बोलत नव्हती. खाटेच्या पायथ्याशी बसून बापाचे तळवे चोळत राहायची. मी तिला म्हटलं, "तुला कसं कळणार होतं?" तर म्हणाली, "मी गायले गं, आत्या." एवढंच.

दोन दिवसांनी कोणीतरी इंग्रजी वर्तमानपत्र आणून दिलं. त्यात या ऑपेराचं परीक्षण होतं. मंजिरीने वहिनींसाठी ते मराठीत वाचून दाखवलं. खेळाचा सर्वांत थरारक क्षण म्हणजे एका वृद्धाची मोडत जाणारी भाषा आणि एका ग्रामीण स्त्रीचा उजेडासाठीचा आदिम आक्रोश, असं लिहिलं होतं. माणूस आजारी पडला, खेळ थांबला, याबद्दल चकार शब्द नाही. ग्रामीण स्त्री! एम. ए. झालेय मी, संगीतात. पण राग त्याचा नव्हता. गावातली बाई असती तर तिने काय कमी घाबरून हाक मारली असती? राग याचा, की दोन माणसं मदतीसाठी ओरडली आणि लिहिणाऱ्याने त्याला क्षण म्हटलं.

त्याच संध्याकाळी आलोक आला. हातात फुलं. वहिनींना वाकून नमस्कार केला. दिगूदादाच्या खाटेशी बसून खूप वाईट वाटतं म्हणाला. मला वाटतं, त्याला वाटतही असेल. मग त्याने घसा साफ केला.

"एक विचारायचं होतं. मॅम, तुम्ही रागवाल. पण त्या दिवशी सगळे मायक्रोफोन चालू होते. ते सगळं रेकॉर्ड झालंय. मी रात्रभर ऐकतोय. इतकं खरं काही मी आजवर केलं नाही. पुढच्या खेळांत ते वापरायची परवानगी मिळाली तर... अंकलचं नाव घालू. अर्पण करू त्यांना."

मी उठलेच होते. पण माझ्या आधी खाटेवरून आवाज आला. खणखणीत, स्वच्छ, सुलतान बाजारात उधारी बुडवणाऱ्याला देतात तसा.

"चल निकल बे, हरामी!"

दिगूदादाचा चेहरा लाल झाला होता. त्याला स्वतःलाही आश्चर्य वाटलेलं दिसलं. पुढे काही बोलायला त्याने तोंड उघडलं, ओठ हलवले, पण शब्द आला नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला. आलोक फुलं टेबलावर ठेवून उठला आणि गेला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, असं होतं. ठरवून बोलायचं बोलणं जातं, आणि रागात आपोआप सुटणारी शिवी कधीकधी शाबूत राहते. मी म्हटलं, देवाचे आभार. काहीतरी योग्य शाबूत राहिलं.

पुन्हा शेड

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिरी उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "आत्या, चल माझ्याबरोबर."

शेडमध्ये सगळे दिवे लागले होते. उजेडात ती जागा बघून मला लाज वाटली की आपण इथे हरखलो. काळ्या कापडाला टाचण्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, वायरींचे गुंते, खुर्चीखाली उपडे घातलेले पत्र्याचे डबे. कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर आलोक. त्याने दाढी केली नव्हती.

"मला ते ऐकायचंय," मंजिरी म्हणाली. "नंतर मी ते पुसणार आहे."

"मंजू, ऐक तरी आधी. मग ठरव."

त्याने लावलं. मी कान झाकणार होते, झाकले नाहीत. थेंब पडला. खर्ज आला. मग दिगूदादाचा आवाज, 'लोटा खिडकी'. मग मी. मग ते सगळं एकावर एक चढत गेलेलं गाणं आणि त्याच्या टोकावर मंजिरीची 'बाबा'. मला ठामपणे लिहायचं होतं की ते भयंकर होतं. ते सुंदर होतं. माझा कान मला फसवत नाही, तेवढी वर्षं मी त्याला राबवलंय. ते अतिशय सुंदर होतं आणि त्याचा मला जेवढा संताप आला तेवढा त्या ट्रकचाही आला नाही. माझ्या भावाची वाचा जात असताना माझ्या घशातून निघालेली हाक कुणाच्या तरी अंगावर काटा आणायला इतकी उपयोगी पडावी!

"ऐकलंस ना?" आलोक म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "हे पुसणार?"

"हौ," मंजिरी म्हणाली. बापासारखं म्हणाली.

तिने त्याला खुर्चीवरून उठवलं आणि बसली. हे तिचं रोजचं काम. मूळ रेकॉर्डिंग पुसलं, त्याच्या नकला कुठे आहेत त्या विचारून पुसल्या, ड्रॉवरमधल्या दोन कॅसेट काढून त्यांच्या फिती ओढून हातात गुंडाळल्या. आलोक म्हणाला, "उद्या तुला पस्तावा होईल. ही कला आहे, मंजू. ती त्यांची पण आठवण आहे."

मंजिरी वळली. "आलोकदा, माझे बाबा जिवंत आहेत. त्यांची आठवण कशाला ठेवतोस? त्यांना भेटायला ये. पण हात हलवत ये."

फाटक

पुढच्या रविवारी खेळ होताच. सगळी तिकिटं गेली होती, त्या परीक्षणामुळे. फाटकावर नवा फलक लागला होता, रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आत यावं. झाल्या प्रकारातून ते एवढंच शिकले, जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. दार मध्ये उघडणार नाही, तो नियम तसाच होता. मी विचारून घेतलं.

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. सुमनवहिनी आणि मी त्या फाटकावर जाऊन उभ्या राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. मी मराठी-हिंदीत, वहिनी तेलुगूत. आत माणूस पडला, आम्ही ओरडलो, त्यांनी गाणं केलं, दार उघडलं नाही. रखवालदाराने आम्हाला हटकलं, वहिनींनी त्याला असं काही सुनावलं की तो स्टूल घेऊन लांब जाऊन बसला. एक वयस्कर जोडपं ऐकून परत फिरलं. एका माणसाने पिशवीतून मला पाणी दिलं आणि तो आत गेला. बाकीचेही आत गेले.

एक मुलगी थांबली. विशीतली, गोड चेहरा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. तिने माझं सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मध्ये "बाप रे" म्हणाली. मला वाटलं, हिला तरी समजलं. माझं संपल्यावर ती पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "काकू, म्हणजे आज पण होणार ना ते?"

आपणच दारात उभं राहून यांची जाहिरात करत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं. वहिनींनी माझा दंड धरला. "चला वन्सं," त्या म्हणाल्या, "त्यांचं जेवण न्यायचंय."

आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. वहिनी वाटभर दिगूदादाला काय खाऊ घालायचं तेच बोलत होत्या. मऊ भात, वरण, घोटलेली केळी. मी मागे वळून पाहिलं नाही.

आता सोलापूरला येऊन काही आठवडे झाले. राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. ऑपेरा आता मुंबईला जाणार म्हणतात. मंजिरीने कुकटपल्लीची खोली सोडली, आईबापाकडे राहते आणि रोज बसने कामाला जाते. संध्याकाळी बापाला शब्द शिकवते. त्याच्याच दुकानातलं उरलेलं बालवाडीचं पुस्तक, चित्रावर बोट ठेवून, दोघं एकत्र वाचतात. तिचं मराठी वाचन सुधारलं, असं वहिनी म्हणतात.

काल तिने फोन दिगूदादाच्या कानाला लावला. तो 'पाणी' म्हणतो, 'सुमन' म्हणतो. माझं नाव अजून येत नाही. खूप वेळ श्वास ऐकू आला, मग तो मोठ्या कष्टाने, पण खात्रीने, मला हाक मारावी तसं म्हणाला, "चष्मा."

मी म्हटलं, "ओ, दादा."